क्रूझ: पॅकेज घ्यावं की सगळं सुटं बुक करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझ ठरवताना केबिन कोणती घ्यायची यावर जितका खल होतो, तितका जहाजापर्यंत पोचायचं कसं यावर होत नाही. खरा घोळ मात्र तिथेच होतो. पॅकेजने किती पैसे वाचतात यापेक्षा गडबड झाली तर ती निस्तरायची कोणी, हे आधी बघावं. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

‘पॅकेज’ म्हणजे नक्की कशाकशाचं?

या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे प्रवासाचं पॅकेज. विमान, विमानतळ ते बंदर गाडी, आदल्या रात्रीचं हॉटेल आणि जहाज, सगळं एका पावतीवर. दुसरी म्हणजे जहाजावरचं पॅकेज. त्यात केबिनच्या भाड्यातच पेयं, वाय-फाय, टिप आणि कधीकधी एखाद-दोन सहली धरलेल्या असतात. पहिल्यात तुम्ही दुसऱ्याने जबाबदारी घ्यावी म्हणून पैसे मोजता, तर दुसऱ्यात नंतरचा खर्च फक्त आगाऊ भरता. दोन्हींचा हिशेब निराळा आहे आणि एक नाकारून दुसरं घेता येतं. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ करून ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ असं ठोकून दिलेलं असतं. अशा वेळी त्यात काय नाही, ते आधी शोधा.

पॅकेज स्वस्त पडतं का?

कधी पडतं, कधी नाही. फरक बहुतेक वेळा वाटतो त्याहून कमी निघतो, कारण लोक तुलनाच चुकीची करतात. एका बाजूला पॅकेजची पूर्ण रक्कम धरतात आणि दुसऱ्या बाजूला नुसतं केबिनचं भाडं अधिक विमानाचं सर्वांत स्वस्त तिकीट. मधल्या गोष्टी विसरल्या जातात: बंदराचे कर, रोजची टिप, विमानातल्या सामानाचे आणि सीट निवडण्याचे जादा पैसे, हॉटेलची रात्र, दोन्ही वेळची टॅक्सी.

समजा केबिनचं भाडं १०० आहे. पॅकेज १६० ला दिसतं म्हणून महाग वाटतं, पण सुट्या गोष्टींची नीट बेरीज केल्यावर ती १५२ निघाली, तर निर्णय ६० चा नसून ८ चा आहे. त्या ८ मध्ये कोणाची डोकेदुखी कमी होते, एवढंच मग बघायचं. (हे आकडे समजावण्यापुरते. पण आपले खरे आकडे घालून कागदावर ही बेरीज करायला दहा मिनिटं लागतात, आणि ती न करता लोक महिनाभर चर्चा करत बसतात.)

साधं जाऊन-येऊन विमान, मोठं शहर, भरपूर फ्लाइट्स असतील तर सुटं बुकिंग सहसा जिंकतं. जहाज एका खंडातून निघून दुसऱ्या खंडात सोडणार असेल तर उलट घडतं. ऋतू बदलताना कंपन्या जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेतात, त्या एकमार्गी फेऱ्यांचं भाडं मोहात पाडतं, पण एकेरी विमान तिकीट सगळी बचत खाऊन टाकतं. इथे क्रूझ कंपनीने घाऊक घेतलेली विमानभाडी खरोखर कामाला येतात.

विमानाला उशीर झाला आणि जहाज निघून गेलं तर?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबलं आहे.

जहाजावर चढण्याची नोंदणी सुटण्याच्या वेळेआधी साधारण ६० ते ९० मिनिटं बंद होते. प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांकडे द्यायची असते, धक्क्यावरची जागा ठरावीक वेळेपुरतीच मिळालेली असते, जहाज बंदराबाहेर काढणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली असते. एका कुटुंबासाठी तीन हजार लोकांचं जहाज थांबत नाही. कंपनीच्याच विमानाने बरेच प्रवासी येणार असतील तर कधीकधी थोडा वेळ थांबवतात, पण ते त्यांच्या मर्जीवर.

कंपनीमार्फत विमान घेतलं असेल तर तुम्हाला पुढच्या शक्य त्या बंदरावर जहाजाशी गाठ घालून देण्याची व्यवस्था बहुतेक कंपन्या स्वतः करतात. तिकीट तुम्ही स्वतः काढलं असेल तर विमान कंपनी तुम्हाला फक्त तिकिटावरच्या विमानतळापर्यंत पोचवायला बांधील असते. तिथून जहाज निघून गेलं, हा तिचा प्रश्न नाही आणि क्रूझ कंपनीचाही नाही. त्यातही दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी विमान कंपनी सरळ हात वर करते.

‘पुढच्या बंदरावर गाठू की’ हेही नेहमी जमत नाही. अमेरिकेचा १८८६ चा प्रवासी जहाज कायदा परदेशी ध्वजाच्या जहाजांना दोन वेगवेगळ्या अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी नेऊ देत नाही, मध्ये दूरच्या परदेशी बंदराचा थांबा असेल तरच सूट मिळते. सिएटलहून अलास्काला जाऊन सिएटललाच परतणारं जहाज चुकलं आणि तुम्ही वाटेत अलास्कातल्या केचिकनला चढतो म्हणालात, तर तुमचा प्रवास केचिकन ते सिएटल असा ठरतो. वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा थांबा असला तरी तो ‘जवळचा’ धरला जातो आणि चालत नाही. म्हणजे पैसे, दिवस आणि पासपोर्ट सगळं हाताशी असूनही जहाजावर पाऊल ठेवता येत नाही.

सामानाचंही असंच. बॅग एक दिवस उशिरा आली तर एरवी ती हॉटेलवर पोचते, इथे मात्र हॉटेलच रोज जागा बदलत असतं. जहाजाचं वेळापत्रक आणि बंदरांवरच्या एजंटांचे पत्ते क्रूझ कंपनीकडे असतात. तिच्यामार्फत तिकीट असेल तर बॅगेचा पाठलाग करायला निदान कोणीतरी असतं.

पॅकेज असो वा नसो, माझं मत एकच: एक दिवस आधी पोचा. हिवाळ्यात किंवा दोन विमानं बदलून जायचं असेल तर दोन दिवस आधी. पॅकेजमधलं विमान जहाज सुटण्याच्याच सकाळी उतरणारं असेल, तर ते पॅकेज तुमच्यापेक्षा कंपनीच्या सोयीचं आहे.

म्हणजे कंपनीकडून विमान घेतलं की निर्धास्त?

पूर्ण नाही. घाऊक भाड्याच्या तिकिटात फ्लाइट कंपनी निवडते. मध्यरात्रीचा सहा तासांचा थांबा वाट्याला येऊ शकतो, विमान कंपनीचे माइल्स (प्रवासाचे बक्षीस गुण) कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत, वरचा वर्ग मागणं अवघड जातं आणि बदल करायला वेगळे पैसे लागतात. काही कंपन्यांनी यावर तोडगा म्हणून फ्लाइट स्वतः निवडण्याची सोय दिली आहे. रॉयल कॅरिबियनची ‘एअर२सी’ आणि प्रिन्सेसची ‘ईझीएअर’ ही त्यातली माहितीतली नावं. अशी सोय असेल तर मधला मार्ग मिळतो: वेळ तुमच्या पसंतीची आणि चुकामुक झाली तर फोन उचलायला त्यांचा माणूस.

तिकीट घेण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. तिकीट प्रत्यक्ष कधी काढलं जाईल, आणि जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च कोण करेल? ‘आम्ही मदत करू’ आणि ‘आम्ही खर्च करू’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विमानतळ ते बंदर गाडी त्यांची घ्यावी का?

बंदर कुठे आहे त्यावर. अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलला विमानतळ आणि पोर्ट एव्हरग्लेड्स हे बंदर अगदी शेजारी आहेत, तिथे कंपनीच्या बसमध्ये तासभर ताटकळण्यापेक्षा टॅक्सी बरी. पण जाहिरातीतलं शहर आणि जहाजाचा धक्का यांची नेहमी गाठ पडतेच असं नाही. ‘रोम’ म्हणजे चिविटावेक्किया, साधारण ८० किलोमीटर लांब. ‘लंडन’ बहुतेकदा साउदॅम्प्टन, सुमारे १३० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, २०० हून जास्त.

व्हेनिसची गंमत वेगळीच. २५,००० ग्रॉस टनांहून (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून शहरातल्या जुदेक्का कालव्यात बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ असं लिहिलेली काही जहाजं प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. सुटं बुकिंग करणाऱ्याने शहराचं नाव बघून विमान काढलं की फसला. अशा ठिकाणी कंपनीची बस घ्या किंवा किमान बुकिंगवर टर्मिनलचं नाव वाचून मगच विमान आणि हॉटेल ठरवा.

आदल्या रात्रीचं हॉटेल?

स्वतः बघा. कंपनीच्या हॉटेलमध्ये बससेवा जोडलेली असते म्हणून दर चढा असतो. वयस्कर माणसं आणि भरपूर बॅगा सोबत असतील तर ती बस तेवढ्या पैशांची आहे, एरवी नाही.

पेयं, वाय-फाय, टिप ‘फुकट’ असलेली ऑफर घ्यावी का?

आवळा देऊन कोहळा काढण्याची ही जुनी रीत आहे, पण प्रत्येक वेळी कोहळा जातोच असंही नाही. अटी वाचा. बहुतेक कंपन्यांत एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना पेयांचं पॅकेज घ्यावं लागतं, म्हणजे एक पिणारा आणि एक न पिणारा असले तरी दोघांचे पैसे. पॅकेज ‘फुकट’ असलं तरी त्याच्या छापील किमतीवर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं लागू शकतं. काही ठिकाणी दिवसाला १५ मद्यपेयांची मर्यादा असते. शिवाय ते सहसा जहाजापुरतंच असतं. रोज नवं बंदर असलेल्या फेरीत तुम्ही दिवसभर किनाऱ्यावर असता, मग पॅकेज वसूल कधी होणार? लांबलचक समुद्री दिवसांच्या फेरीत ते वसूल होतं.

जे दारूला हात लावत नाहीत त्यांनी ही ऑफर सोडून नुसतं भाडं मागावं. वाय-फाय आणि टिप स्वतंत्र घेतली तरी बेरीज बहुधा कमीच भरते. वाय-फाय मात्र जहाजावर चढण्याआधी ऑनलाइन घ्या, चढल्यावर दर वाढतो.

महागड्या कंपन्यांचं गणित निराळं. व्हायकिंगच्या सागरी फेऱ्यांत प्रत्येक बंदराला एक सहल भाड्यातच असते, रीजंट सेव्हन सीज तर बहुतेक सहली आणि पेयंही भाड्यात धरते. अशा भाड्याची तुलना मोठ्या जहाजाच्या नुसत्या केबिनशी करणं म्हणजे स्वतःला फसवणं.

किनाऱ्यावरच्या सहली जहाजाकडून घ्याव्यात की बाहेरून?

जहाजाच्या सहलीत एक मोठी हमी असते: बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर नेते. बाहेरच्या सहलीत ही हमी नाही. मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ या जहाजाचे आठ प्रवासी पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीहून उशिरा परतले आणि जहाज त्यांना सोडून निघालं. पुढे गांबियात गाठावं म्हणून त्यांनी देशांमागून देश पालथे घातले, तर तिथे भरती-ओहोटीच्या अडचणीने जहाज धक्क्याला लागलंच नाही. अखेर सेनेगलमधल्या डाकारला ते जहाजावर चढले.

म्हणून बाहेरची सहल घेऊच नये का? तसं नाही. माँटेनेग्रोतल्या कोटरमध्ये धक्क्यापासून जुन्या गावाची तटबंदी पाच मिनिटांच्या चालीवर आहे, तिथे मार्गदर्शकाला पैसे देऊन रांगेत फिरण्यात अर्थ नाही. पण ल आव्रहून पॅरिस किंवा लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स करायचं तर वाटेतल्या एका अपघाताने सगळा दिवस कोलमडतो. तिथे जहाजाची सहल घ्या.

टेंडर बंदरांचं वेगळं सांगायला हवं. जहाज खोल पाण्यात नांगरतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात, तेव्हा जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर हा फरक चांगलाच जाणवतो. कंपनीची सहल सहसा अथिनिओस बंदरावर उतरून बसने वर जाते, बाकीचे जुन्या बंदरावर उतरून केबल कारच्या रांगेत उभे राहतात. दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी आली असतील तर ती रांग डोंगराएवढी होते.

बाहेरची सहल घेताना आयोजकाला दोन गोष्टी विचारा. जहाज बंदराला लागलंच नाही तर पैसे परत का? आणि परत आणण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे की गावच्या? कधीकधी या दोन घड्याळांत एक तासाचं अंतर असतं.

कंपनी बुडाली किंवा फेरीच रद्द झाली तर पैसे कुठे जातात?

हे तुम्ही कुठल्या देशात, कोणाकडून खरेदी केलं यावर ठरतं. युरोपीय संघात २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाचे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. त्यानुसार पॅकेज विकणारा संपूर्ण सहलीला जबाबदार असतो, तो दिवाळखोर झाला तरी पैसे आणि परतीचा प्रवास सुरक्षित ठेवावा लागतो. किंमत ८ टक्क्यांहून जास्त वाढवली तर ग्राहक दंड न भरता रद्द करू शकतो, आणि निघण्याआधीच्या शेवटच्या २० दिवसांत किंमत वाढवताच येत नाही. या नियमांत नुसती क्रूझसुद्धा पॅकेज धरली जाते. पण तुम्ही वेगळं घेतलेलं विमान त्या छत्राबाहेर राहतं.

ब्रिटनमध्ये विमानासह विकलेल्या पॅकेजचे पैसे सुरक्षित ठेवणारी १९७३ पासूनची ‘ॲटॉल’ योजना आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची सहल कंपनी थॉमस कुक बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख लोकांना तिथल्या हवाई प्राधिकरणाने परत आणलं. पुढच्या तारखांच्या ॲटॉलधारकांना पैसेही मिळाले. ज्यांनी फक्त विमानाची सीट घेतली होती त्यांना मात्र बँका आणि विमा कंपन्यांचे उंबरे झिजवावे लागले.

अमेरिकी बंदरांतून ५० किंवा अधिक प्रवाशांच्या बर्थची सोय असलेल्या जहाजावर प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांना फेडरल मेरिटाइम कमिशन या सरकारी संस्थेकडे आर्थिक हमी ठेवावी लागते. फेरी रद्द झाली किंवा तिचं निघणं ३ दिवस अथवा जास्त लांबणीवर पडलं तर परतावा मागता येतो, हा नियम २०२२ पासून स्पष्ट झाला. पण तो क्रूझच्या पैशांपुरता. विमान, हॉटेल तुमचं तुम्ही बघायचं. जानेवारी २०२२ मध्ये इंधनाच्या थकबाकीवरून ‘क्रिस्टल सिंफनी’ या जहाजावर जप्तीचा आदेश निघाला, तेव्हा ते मायामीऐवजी बहामातल्या बिमिनीला गेलं आणि प्रवाशांना फेरीबोटीने फोर्ट लॉडरडेलला आणलं गेलं.

मलाच रद्द करावं लागलं तर कुठलं सोयीचं?

इथे सुटं बुकिंग बहुधा सरस ठरतं. क्रूझची पूर्ण रक्कम साधारण ७५ ते १२० दिवस आधी भरायची असते आणि तिथून रद्द करण्याचा दंड पायरीपायरीने वाढत शेवटी १०० टक्क्यांवर जातो. पॅकेजमध्ये हॉटेल आणि गाडीही त्याच दंडात अडकतात. सुट्यात हॉटेल आदल्या दिवशीपर्यंत फुकट रद्द होणारं घेता येतं, विमान तारीख बदलता येईल असं घेता येतं. दंड लागला तरी बंदराचे कर परत मागायला विसरू नका. तुम्ही चढला नाहीत तर कंपनीने ते भरलेलेच नसतात.

उलट बाजूही लक्षात घ्या. फेरी कंपनीने रद्द केली तर ती क्रूझचे पैसे परत देते, तुमच्या परत न मिळणाऱ्या विमान तिकिटाची भरपाई मात्र दिली तर ठरावीक मर्यादेपर्यंतच.

विम्याचं काय?

दोन्ही प्रकारांत हवाच. कंपनीची स्वतःची ‘संरक्षण योजना’ बहुतेकदा रोख पैशांऐवजी पुढच्या क्रूझचं क्रेडिट देते. बाहेरची पॉलिसी घ्या आणि तीत तीन गोष्टी आहेत का बघा: जहाजावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च, जहाज चुकल्याची भरपाई, आणि सेवा देणारी कंपनी बुडाल्याचं कवच. सुटं बुकिंग करणाऱ्याला दुसरी गोष्ट सर्वांत जास्त लागते.

एजंटकडून घेतलं तर महाग पडतं का?

सहसा नाही, कारण कमिशन क्रूझ कंपनी देते. चांगला एजंट गटासाठी आधीच अडवून ठेवलेल्या केबिन्समधून दर काढतो, वर थोडं जहाजावर खर्चायचं क्रेडिट मिळवून देतो. तोटा एकच: बुकिंग एजंटच्या नावावर असलं की बदलासाठी कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही. रविवारी रात्री फोन न उचलणारा एजंट असण्यापेक्षा नसलेला बरा. बुकिंगनंतर भाडं उतरलं तर शेवटचा हप्ता भरायच्या आधी नवा दर मागता येतो का, हे पहिल्याच दिवशी त्याला विचारा.

पॅकेजशिवाय पर्यायच नाही, अशा जागा कुठल्या?

अंटार्क्टिका. चिलीतल्या पुंता अरेनासहून अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर विमानाने जाऊन जहाज धरण्याच्या फेऱ्यांत ते विमान आयोजकाचंच असतं आणि हवामानाने अडलं तर थांबायची सोयही त्यालाच करावी लागते. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर बाल्ट्रा की सान क्रिस्टोबाल, कुठल्या विमानतळावर उतरायचं हे बोटीवर ठरतं, म्हणून तिथलं विमान बोटवाल्यांकडूनच घेतलेलं शहाणपणाचं. अलास्कात डेनाली राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाणाऱ्या क्रूझटूर्समध्ये (जहाज आणि जमिनीवरची सफर एकत्र) लॉज आणि रेल्वेचे काचेच्या छताचे डबे प्रिन्सेस व हॉलंड अमेरिका यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. ते सुटं जुळवायला गेलं तर वेळही जातो आणि पैसाही.

पॅकेज घेतलं की व्हिसा त्यांच्याकडे?

नाही. कुठल्याही पॅकेजमध्ये व्हिसाची जबाबदारी प्रवाशाचीच. शेंगेन देशातून निघून मध्ये तुर्की किंवा ब्रिटनच्या बंदराला लागून परत शेंगेनमध्ये येत असाल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागू शकतो. कागद अपुरे असतील तर चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

सुटं बुक करायचं ठरलं, तर क्रम काय ठेवावा?

आधी जहाज. क्रूझची विक्री दीड-दोन वर्षं आधी सुरू होते, विमानांची साधारण ११ महिने आधी. त्यामुळे मध्ये थांबावं लागतं, तेवढ्या काळात परत न मिळणारं काहीही घेऊ नका. विमान उघडलं की सगळे टप्पे एकाच तिकिटावर काढा, मग हॉटेल, मग गाडी. परतीची फ्लाइट घेताना जरा दमाने घ्या. जहाज पहाटे सहाला धक्क्याला लागलं तरी इमिग्रेशनची परवानगी, बॅगा, टॅक्सीची रांग यात सकाळ जाते. बंदर विमानतळाच्या जवळ असेल तर दुपारी बाराच्या आधीची फ्लाइट नको, चिविटावेक्कियासारखं लांब असेल तर दोनच्या आधीची नको.